गोणपाट चिकटवलं की चित्र झालं?

तापीकाठचा
जळगावात प्रदर्शन पाहिलं. कॅनव्हासवर गोणपाट, रद्दी पेपर, केळीचा धागा, वरून रंगाचे थर. किंमत ३५ हजार! माझा पाचवीतला पोरगा काढेल असलं. लोकांना मूर्ख बनवणं बंद करा.

रंगारीण
हे पाचवीतल्या पोराचं वाक्य ऐकून कान किटले. अमूर्त, म्हणजे ओळखू येईल अशी आकृती नसलेली चित्रं करणारे वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफनं थर चढवायचे, ओल्या रंगावर कागद दाबून उचलायचे. वर्षाकाठी मोजकीच चित्रं व्हायची. खालचा पिवळा वरच्या राखाडीतून किती दिसू द्यायचा, हात कुठे थांबवायचा, हे पोराला विचारा. पिकासोनं १९१२ मध्ये खुर्चीच्या वेताची वीण छापलेलं ऑइलक्लॉथ (मेणकापड) चित्रात चिकटवलं. आपण अजून 'चिकटवलं'वरच अडलोय.

भुसावळचे मास्तर
मोठ्यांची नावं घेऊन बाकीच्यांचं झाकू नका. असंच एक चित्र मी एका ओळखीच्याकडून घेतलं. दुसऱ्या पावसाळ्यात धाग्याला बुरशी, पेपर पिवळा. उन्हाळ्यात पारा ४५च्या वर, तेलरंगावर (ऑइल) मारलेला अ‍ॅक्रिलिक हा पाण्यात कालवायचा रंग पापुद्रे धरून सुटला. ऑइलवर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, हे पहिल्या वर्षी शिकवतात. विचारलं तर म्हणे, 'झिजणं हाच आशय.' माझे पैसे गेले त्याचं काय भो?

रावेरचा केळीवाला
धाग्याला नावं ठेवू नका. खोडाचा गर खरवडून, धुऊन, खडखडीत वाळवला तर धागा टिकतो. ओलाच डकवला तर बुरशी येणारच. आमच्याकडे फुकट मिळतो म्हणून कसाही वापरायचा?

चाळीसगावकर
टिकण्याचंच काढलंत तर अजिंठ्याला जा. माती, भुसा, वनस्पतींचे तंतू, त्यावर चुन्याचा पातळ हात, मग रंग. दीड हजार वर्षं झाली. आणि आमच्या केकी मूसांनी एकाच घरात बसून टेबलटॉप फोटो (टेबलावर छोट्या वस्तूंचा देखावा मांडून) काढले, चित्रं रंगवली, लाकूड कोरलं. एकाच माध्यमाला चिकटून राहा, असं खानदेशात कोण म्हणतं?

भुसावळचे मास्तर
अजिंठ्यातही पापुद्रे गळालेत. आणि तिथे बोधिसत्त्व पद्मपाणी ओळखू येतो!

रंगारीण
ओळखू आलंच पाहिजे, हा हट्ट शाळेतून येतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएट द्यायची ती दहावीच्या वाढीव गुणांसाठी. वस्तुचित्र जमलं की चित्रकला संपली. मास्तर, तुम्हीही तेच शिकवलंत ना?

भुसावळचे मास्तर
तोंड सांभाळून बोला. एका हॉलमध्ये साठ-सत्तर पोरं, ब्रश मी स्वतःच्या पैशानं आणायचो. अमूर्त कधी शिकवू?

तापीकाठचा
बरं, हात कुठे थांबवायचा हा मुद्दा घेतो. पण ३५ हजार मागता तर शेजारी लिहा, काय वापरलंय, कशावर काय चढवलंय. तिथे नुसतं 'मिश्र माध्यम' लिहिलं होतं.

रंगारीण
हे लिहायलाच हवं. त्यात माझा वाद नाही.

भुसावळचे मास्तर
माझ्या बुरशीचं बोला.

रावेरचा केळीवाला
भिंतीपासून दोन बोटं सुटं टांगा, मागून हवा खेळू द्या. कोरड्या मऊ ब्रशनं घराबाहेर झटका. ओलं फडकं लावू नका.