मदत हवी आहे: तीन फुटी टाकीत एंजलसोबत कोणते मासे ठेवू?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला राहतो. घरी 3 फूट लांब, 1 फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकी आहे, म्हणजे साधारण 100 लिटर पाणी. सध्या त्यात दोनच एंजल आहेत.

दिवाळीनंतर दुकानदाराच्या सांगण्यावरून चार टायगर बार्ब आणले. आठवडाभरात त्यांनी एंजलचे लांब पर कुरतडून टाकले. लेक शाळेतून आली की आधी टाकीपाशी जाते, तिचा चेहरा बघवेना. बार्ब परत दिले. आता पर हळूहळू भरून येताहेत, पण पुन्हा तशी चूक मला करायची नाही.

निऑन टेट्रा फार आवडतात, पण मोठा झालेला एंजल ते गिळतो हे आता कळलंय. मॉली आणि प्लॅटीला जड पाणी मानवतं, एंजलला जरा मऊ. आमच्याकडे नळाला नर्मदेचं पाणी येतं, उन्हाळ्यात मात्र बोरिंगचं मिसळावं लागतं, आणि ते चांगलंच जड आहे. मग मॉली बऱ्या, की मोठ्या चणीचे टेट्रा? तळाशी सहा कोरीडोरास (तळाशीच वावरणारे छोटे मासे) ठेवायचा विचार आहे. काचेवरचं शेवाळ खाणारा सकर मासा नको, तो फूटभर वाढतो.

अजून एक. थंडीत इथे रात्री पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो. 100 वॅटचा हीटर पुरेल का? एंजल ठेवणाऱ्यांनी स्वतःचा अनुभव सांगितला तर फार आधार होईल.