'का'नंतर आता 'ना'

वर कुणीतरी लिहिलंय की मराठीसारखाच जपानीतही प्रश्नाच्या शेवटी 'का' येतो. त्याच्या जोडीला 'ना' घ्यायलाच हवा. रशियनमध्ये 'ना' म्हणजे 'वर'. वस्तू पुढे करत म्हटलं तर 'हे घे'. कोरियनमध्ये 'मी'. संस्कृतात 'नृ'ची प्रथमा एकवचनी 'ना', म्हणजे चक्क पुरुष! पण मला सर्वांत आवडतो तो आपल्या नाशिक जिल्ह्यातला. सटाण्याकडे गेलात की अहिराणीत 'गावना रस्ता' ऐकू येतो, तिथे 'ना' म्हणजे 'चा'. इकडे शहरात 'ये ना' म्हणजे आर्जव, 'येणार ना?' म्हणजे खात्री करून घेणं, आणि 'माझी ना नाही' म्हटलं की तो सरळ नाम होतो. बागलाण-कळवणकडच्या मंडळींनी अहिराणीतली आणखी वाक्यं इथे जरूर लिहावीत.