स्पायरोग्राफची रेघ जुळत का नाही?

फोंडा: स्पायरोग्राफ, म्हणजे दातेरी चाकाच्या भोकात पेन घालून नक्षी काढायचं खेळणं. त्याच्या ९६ दातांच्या कड्यात ५२ दातांचं चाक फिरवलं, पण रेघ सुरुवातीला मिळतच नाही. पावसाळ्यात कागदही नरम पडलाय.

म्हापसा: मिळेल, १३ फेऱ्या पुऱ्या करा. ९६ आणि ५२चा लसावि १२४८, त्याला ५२ने भागलं की २४ पाकळ्या, ९६ने भागलं की फेऱ्या. घाई असेल तर ३६चं चाक घ्या: ३ फेऱ्या, ८ पाकळ्या. ब्रिटिश अभियंता डेनिस फिशर यांनी १९६५मध्ये हे खेळणं बाजारात आणलं, ते या गणितावरच.

मडगाव: गणित बरोबर, पण एक दात सुटला तर रेघ जुळणारच नाही. चाक कड्याकडे हलकं दाबून ठेवा, पेन उभं धरा. कागद चारही बाजूंनी पुठ्ठ्याला चिकटवा. जेलपेन नको, दमट हवेत पसरतं.

फोंडा: कडंच सरकत होतं! ते धरून ठेवणाऱ्या टाचण्या बदलतो.