हातून निसटलेला किंवा नेमका सापडलेला क्षण : तुमचे अनुभव सांगा

टिळकवाडीकर
आज माळ्यावरून भांडी काढताना फिल्मच्या रोलची काळी डबी सापडली. आत आईच्या कापराच्या वड्या. आणि एकदम गोकाकचा धबधबा आठवला.

१९९४ चा ऑगस्ट. घटप्रभा तुडुंब, ५२ मीटरवरून लाल पाणी कोसळत होतं, बोललेलं ऐकू येत नव्हतं. बाबांचा रोल ३६ चा, ३५ फोटो झालेले. शेवटचा त्यांनी मुद्दाम राखला होता, कारण ऊन पाठीशी आलं की तिथल्या तुषारांत इंद्रधनुष्य उमटतं. तासभर छत्रीखाली थांबलो. मधेच कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवून ते चहा आणायला गेले आणि माझं बोट बटणावर पडलं. खटक्. लगेच आतली मोटर घर्रर्र करत रोल मागं गुंडाळू लागली. तो आवाज अजून कानात आहे. दहा मिनिटांत ऊन पडलं, धनुष्य आलं, गेलंही. बाबांनी चहाचा पेला माझ्या हातात दिला, बोलले काहीच नाहीत.

तुमचंही लिहा. पक्षी, पाऊस, काजवे, काहीही.

खानापूरचा
तिबोटी खंड्या!! कणकुंबीकडे, जूनमध्ये. एवढासा १३ सेंटिमीटरचा पक्षी, पण रंग बघून माणूस गप्प होतो. ओढ्याच्या मातीच्या दरडीत बीळ, चोचीत सरडुली. तीन दिवस लांबून बसलोतो. आला, पण झाडीत उजेड कमी, शटर १/६० सेकंदावर, म्हणजे फार हळू राहिलेलं, निळी-केशरी रेघ आली नुसती. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) वाढवायला घाबरलो तिथंच चुकलं. दाणेदार फोटो चालतो हो, हललेला नाही.
आणि विनंती, बिळाच्या तोंडाशी कुणी जाऊ नका. आपण उभे असलो की आई-बाप घास घेऊन फांदीवर ताटकळतात, पिल्लं उपाशी.

अनगोळची_ताई
बिळाचं लिहिलंत ते फार बरं केलंत 🙏

चंदगडी
चोर्ला घाट सुरू हाय काय गा? रविवारी पणजीला जायचंय

निपाणीची सून
माझ्याकडे फक्त मोबाईल. भाकरी तव्यावर, खिडकीतून बघते तर परसातल्या हौदावर स्वर्गीय नर्तक! पांढरा नर, शेपटीच्या दोन फिती हातभर लांब. पाण्यात सूर मारायचा, लगेच पेरूच्या फांदीवर, परत सूर. चार वेळा. पिठाचा हात पुसून मोबाईल उघडेपर्यंत फांदी हलत होती फक्त. तो हलत्या फांदीचा फोटो मी जपून ठेवलाय. सासूबाई म्हणतात, थंडीत दरवर्षी येतोय की तो. आता नोव्हेंबरपासून हौद भरलेला ठेवते.

खानापूरचा
@चंदगडी सुरू हाय, पण धुकं फार. दिवसाउजेडी जा

वडगावकर
धुक्यावरून आठवलं. गाडीत एसी लावून चोर्ल्याला पोचलो, समोरच्याच झाडावर धनेश पक्ष्यांची जोडी. काच खाली केली, कॅमेरा बाहेर काढला आणि लेन्सवर पांढरा पडदा! पुसलं की परत. थंड काचेवर दमट हवेचं पाणी धरतंय, पुसून उपयोग नाही. आता घाट चढायच्या आधीच एसी बंद, कॅमेरा बॅगेतच अर्धा तास. धनेश उडाले तेव्हा पंखांचा आवाज मात्र ऐकला, वाफेचं इंजिन गेल्यासारखा.

अनगोळची_ताई
काजवे कुणी टिपलेत का? जांबोटीच्या बाजूला मे अखेरीस गेलो होतो. झाडच्या झाड उजळायचं, विझायचं. तिवईवर कॅमेरा, ३० सेकंद उघडा, सगळे श्वास धरून. अठ्ठाविसाव्या सेकंदाला मोटारसायकल आली, फोटो पांढराफट्ट. पण थांबलो. पाऊण तासाने एक मिळाला, मुलाच्या अभ्यासाच्या टेबलासमोर लावलाय.

वडगावकर
टाका ना इथं

अनगोळची_ताई
रात्री टाकते, कुकर लावलाय

टिळकवाडीकर
सगळं वाचून आत्ता बाबांना फोन केला. ते म्हणाले, छत्तिसावा फोटो धुऊन आला होता की, तुझ्या ओल्या चपलेचा. अल्बममध्ये लावलाय, खाली तारीख घालून. मी कधी बघितलाच नव्हता.

निपाणीची सून
अगंबाई. त्या फोटोचा फोटो काढून इथं टाका.

चंदगडी
आमच्यात भाताच्या लावणीला माणसं मिळेनात, म्हणून रविवारचं रद्द. काजव्यांचा फोटो बघायला रात्री येतो.