ब्रेक कोकलतात? आवाज कधी येतो आणि चाक खोलल्यावर काय निघालं ते लिहा – अनुभव धागा

मंडळी, नवरात्र जवळ आलंय, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या सप्तशृंगी गडाकडे निघतील, म्हणून आत्ताच हा धागा काढतोय. नुसतं 'ब्रेकचा आवाज येत होता, गॅरेजला दिली, गेला' असं नको. सकाळी पहिल्यांदा येतो का, हळू थांबताना, रिव्हर्सला, घाट उतरल्यावर, की ब्रेक न दाबताही, आणि आत काय सापडलं ते सांगा. माझं ठाम मत आहे की एवढं नीट सांगता आलं तर मिस्त्रीचं अर्धं काम तिथंच होतं, नाहीतर तो सरळ पॅड बदलून मोकळा होतो.

माझ्यापासून सुरू करतो. पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती, तिला दोन्हीकडून पॅड आवळतात) मागे ड्रम (फिरणारा डबा, त्याला आतून शू दाबतात) अशी साधी पेट्रोल गाडी, धुळ्यात गल्लीतून जाताना बारीक शिट्टीसारखा आवाज, काच खाली करून कंपाउंडच्या भिंतीजवळून नेली की स्पष्ट ऐकू यायचा, कारण आवाज भिंतीवर आपटून परत येतो (कुठल्या बाजूचं चाक ते ओळखायला ही युक्ती फार कामाची). चाक काढल्याबरोबर आमचा मिस्त्री म्हणाला, "भाऊ, पॅड सरी गयात." (म्हणजे संपलेत.) पॅडला पत्र्याची छोटी जीभ असते, माल साधारण २-३ मिमी उरला की ती डिस्कला घासते आणि बोंब मारते, त्यासाठीच ती दिलेली असते. सगळ्या पॅडला नसते, म्हणून तिच्या भरवशावर राहू नका. ब्रेक ऑइलच्या बाटलीतली पातळीही खाली गेली होती, पॅड झिजले की त्यांना ढकलणारा पिस्टन बाहेर येतो आणि ऑइल तिकडे जातं. अशा वेळी वरून ऑइल भरत बसू नका, नवे पॅड टाकताना पिस्टन मागे दाबला की पातळी परत वर येते आणि जास्तीचं बाहेर सांडून गाडीचा रंग खातं. आणि गळती तर नाही ना हे मात्र बघूनच घ्या.

भुसावळकर
दादा चांगला विषय काढला. आमच्या गाडीचं पुढचं डावं चाक, थांबता थांबता शेवटच्या दोन-चार फुटांत कर्रकन ओरडायचं. पॅड बदलले, थोडे दिवस शांत, परत तेच. मग लक्षात आलं की जळगावहून घरी आलं की तेच चाक जास्त तापतं, जवळ हात नेला की कळायचं, उजवं तसं नाही, आणि अ‍ॅव्हरेजही पडलं होतं. दुसऱ्या गॅरेजला नेली, तिथल्या मिस्त्रीअप्पांनी कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) उतरवला तर आतला पॅड पार झिजलेला आणि बाहेरचा जवळपास नवा! कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली एक जाम, तिचं रबर बूट फाटलेलं, आत हायवेच्या कामाची धूळ आणि पावसातला काळ्या मातीचा गाळ जाऊन घट्ट बसलेला. पिन साफ केली, बूट नवं टाकलं, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावलं. साधं ग्रीस तिथं चालत नाही, रबर फुगतं आणि पिन परत अडकते, हे अप्पांनी दोनदा बजावून सांगितलं. पॅड बदलताना पिना बोटाने सरकतात का हे कोणीच बघत नाही, हे मला फार खटकतं, कारण एका पॅडवर गाडी थांबवणं म्हणजे आवाजापुरता प्रश्न नाही.

नवापूर
इकडे पाऊस भरपूर. रात्रभर गाडी भिजली की सकाळी डिस्कवर गंजाचा पातळ थर, पहिल्या काही ब्रेकला खरखर, मग गप्प. काही करू नका, तो घासून जातो. जात नसेल तर मात्र खोला.

जळगाव, रिंग रोड
माझा अनुभव उलटा आहे, सर्व्हिसिंगला देईपर्यंत गाडी शांत होती आणि नवे पॅड टाकून आल्यावर चिरकायला लागली. विचारलं तर म्हणे ताई नवे आहेत, बसतील. नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ लागतो हे खरंय, त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून वीसपर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, मध्ये थंड व्हायला वेळ देत, असं आठ-दहा वेळा करायचं असतं. तेही केलं, आवाज तसाच. शेवटी नवरा आणि मी दोघांनी समोर उभं राहून चाक काढायला लावलं, तर पॅडच्या मागच्या पातळ पट्ट्या, शिम म्हणतात त्या, नव्हत्याच. जुन्या पॅडबरोबर कचऱ्यात गेल्या होत्या, बाजूच्या स्टीलच्या क्लिपाही जुन्याच, सैल. पॅड डिस्कवर अडकत-सुटत थरथरतो त्याचा तो आवाज असतो आणि ती थरथर शिम शोषून घेते. शिम आणि क्लिपा टाकल्या, आवाज बंद. बिल देताना जुने पार्ट मागून घ्या बायांनो आणि भाऊंनो, आणि शिम टाकली का हे तोंडावर विचारा.

चाळीसगाव
कन्नड घाट उतरताना पुढे ट्रकची रांग, ब्रेकवरून पाय उचलायला जागाच नाही, खाली आलो तेव्हा जळका वास. दुसऱ्या दिवशीपासून प्रत्येक हलक्या ब्रेकला कुईंऽऽ. खोलल्यावर पॅडचा चेहरा काचेसारखा चकाकत होता. माल भरपूर होता म्हणून सपाट फरशीवर काचपेपर ठेवून पॅड घासले, कडा कानशीने थोड्या उतरवल्या, डिस्कही पेपरने घासली. गेला आवाज. पॅडला तडे गेले असतील तर मात्र घासू नका, बदलाच. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरायचं, वेग इंजिनाने आवरायचा. आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, आवाजाशी त्याचा संबंध नाही पण घाटाशी आहे. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलं की तो आकडा १५५ पर्यंत येऊ शकतो, मग उतारावर पेडल मऊ पडतं.

रावेरकर
मागच्या ड्रमचं कोणीच लिहिलं नाही. केळीच्या बागेत रोज जाणं, रस्ता म्हणजे फुफाटा. रिव्हर्सला आणि हँडब्रेक ओढून सोडल्यावर कर्र. ड्रम काढला तर आत काळी भुकटी भरलेली, लायनर (शूवरचा घासणारा थर) चांगले. पोरगं हवा मारायला निघालं होतं, थांबवलं. ती भुकटी छातीत जाते, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसही असायचं. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसायची. शू मागच्या पत्र्यावर जिथं टेकतात त्या ठिकाणी उष्णता सहन करणारं ग्रीस, अगदी थोडंसं, लायनरला लागता कामा नये.

शहादा
तोरणमाळहून येताना ब्रेक न दाबताही पत्रा घासल्यासारखा आवाज सुरू झाला. डिस्कच्या मागच्या पत्र्यात खडा अडकलेला. हळू पुढे-मागे केल्यावर पडला.

शिरपूर
माझ्या गाडीला फक्त पुढच्या उजव्याला आवाज, मित्र म्हणतो डिस्कवर गंजरोधक स्प्रे मार, आणि गॅरेजवाला म्हणतो डिस्कला टर्निंग मारू (म्हणजे लेथवर घासून सपाट करू). काय करू?

धागाकर्ता
शिरपूरकर भाऊ, स्प्रे, ऑइल, डिझेल, काहीही डिस्कवर मारू नका! आवाज जाईल आणि ब्रेकही जाईल, पॅडने तेल पिलं की ते फेकावेच लागतात. टर्निंगच्या आधी डिस्कवर कोरलेली किमान जाडी वाचा आणि मायक्रोमीटरने मोजायला लावा, टर्निंगनंतर त्याच्या खाली जाणार असेल तर नवी डिस्क, आणि डिस्क नेहमी दोन्ही बाजूंची बदलायची. काम झाल्यावर जागेवरच पेडल कडक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा, मगच गाडी हलवा, पिस्टन मागे गेलेला असतो, पहिला ब्रेक लागत नाही. आता मला सांगा, आतला आणि बाहेरचा पॅड सारखे झिजलेत का? चाक काढून दोन्हीचा फोटो टाका.