जर्मन डॉक्टरांचं लेटर इंग्लिशमध्ये करायचंय, सायकियाट्रीचे शब्द अडलेत

मिरजेची_मास्तरीण:
नमस्कार मंडळी. मी मिरजेत जर्मनचे क्लास घेते, मधनंमधनं ट्रान्सलेशन पण करते, जास्त करून नर्सिंगला जाणाऱ्या पोरींची सर्टिफिकेटं, त्यात हात बसलाय. आता एका घरातनं तिकडच्या सायकियाट्रिस्टचं लेटर आलंय, पोरगा शिकायला गेलेला, परत आलाय, आणि सांगलीतले डॉक्टर म्हणाले इंग्लिशमध्ये करून आणा (घरच्यांना विचारूनच इथं टाकतीय, नावगाव नाही). त्यात 'प्सिशोपाथोलोगिशर बेफुंड' असा एक पॅरा आहे आणि पुढं 'आफेक्टिव श्विंगुंग्सफेहिग', 'आनट्रीब', 'इश-श्टोरुंगन'. डिक्शनरीत श्विंगुंग म्हणजे कंपन, आता पेशंट काय थरथरतोय का? आणि ते हेडिंग तसंच नेलं तर घरचे म्हणणार आमच्या पोराला सायकोपॅथ ठरवलं.

डॉक_विश्रामबाग:
ताई, ते हेडिंग म्हणजे आपली मेंटल स्टेटस एक्झामिनेशन, तेवढंच लिहा. श्विंगुंगवाला शब्द चांगला आहे उलट, हसण्याच्या गोष्टीला हसतो, वाईट वाटायचं तिथं वाईट वाटतं, म्हणजे अफेक्ट रिॲक्टिव्ह. आनट्रीबला ड्राइव्ह चालेल.
इश-श्टोरुंगनला मात्र जपून. इश म्हणजे 'मी', पण नुसतं ईगो लिहिलं तर इथला डॉक्टर फ्रॉइडकडं जाणार, आणि ते तसलं काही नाही. माझ्या डोक्यात कुणीतरी विचार घालतंय, काढून घेतंय, मला बाहेरनं कुणीतरी चालवतंय, हे त्यात येतं. कुर्ट श्नायडर या जर्मन सायकियाट्रिस्टच्या फर्स्ट रँक लक्षणांमधली (स्किझोफ्रेनिया ओळखायला त्यानं महत्त्वाची धरलेली) बरीचशी हीच. पण जर्मन लोक डीपर्सनलायझेशन (आपण स्वतःलाच परके वाटणं), डीरियलायझेशन (भोवतालचं जग खरं न वाटणं) पण त्याच टोपलीत टाकतात, म्हणून नुसतं पॅसिव्हिटी (बाहेरनं कुणीतरी चालवतंय असं वाटणं) लिहिलं तर निम्मा अर्थ सांडला. आणि आधी बघा, वाक्यात 'काइने' (म्हणजे एकही नाही) आहे का? बऱ्याचदा ते 'नाहीत' असंच लिहिलेलं असतं.

सातारी_कंदी:
डॉक्टरसाहेब बरोबर आहेत पण माझं मत थोडं वेगळं, जिथं जोडीचा शब्द नाही तिथं जर्मन शब्द तसाच ठेवायचा आणि शेजारी एका ओळीत अर्थ, गुळगुळीत करायचं नाही. इंग्लिश सायकियाट्रीनं स्वतः तेच केलंय की, कॅटाटोनिया (मानसिक आजारात हालचाली गोठणं, बिघडणं) तपासताना 'मिटगेहेन' (जरा बोट लावलं की हात सोबत जाणं), 'गेगेनहाल्टेन' (हलवलं की तेवढाच उलटा जोर लावणं) अजून जर्मनमध्येच म्हणतात. स्किझोफ्रेनिया हा शब्दच ब्लॉयलर या स्विस सायकियाट्रिस्टनं १९०८ ला जर्मनमध्ये काढलेला. आणि यास्पर्स या जर्मन सायकियाट्रिस्टचं सायकोपॅथॉलॉजीवरचं जाडजूड पुस्तक १९१३ चं, इंग्लिशमध्ये यायला १९६३ उजाडलं, तर आपण एका रात्रीत सगळे शब्द जुळवणार कुठनं.
अजून एक, हे जास्त महत्त्वाचं. ओपीडीचं लेटर असेल तर आयसीडी कोडच्या (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या नंबराच्या) मागं एक अक्षर असतं बघा. जी म्हणजे नक्की, व्ही म्हणजे संशय, झेड म्हणजे पूर्वी होतं, आणि ए म्हणजे नाही हे ठरलंय. ते अक्षर गाळलं की सगळंच उलटं.

हळदबाजार:
सायकियाट्रीतलं कळत नाही, बहीण तिकडं वॉर्डात आहे तिनं सांगितलं ते लिवतो. गोळ्या १-०-०-१ अशा चार घरात लिवलेल्या असतात, सकाळ दुपार संध्याकाळ आणि झोपताना, आपल्याकडं तीनच घरं असत्यात म्हणून फार्मसीवाला चुकतो. आणि ब्रँडचं नाव असलं तर औषधाचं खरं नाव पण लिवा, तिकडं 'तावोर' म्हणजे लोराझेपाम.

मिरजेची_मास्तरीण:
'काइने' आहे सर!! आणि कंदीदादा, लेटर ओपीडीचंच आहे, एफ २०.० च्या मागं ए आहे. घरच्यांनी नुसता एफ २०.० गूगल केलेला, पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया आलं आणि आई तेव्हापासनं जेवत नाही म्हणे. फोन लावू का लगेच?

डॉक_विश्रामबाग:
लावा, पण 'त्या अक्षराचा अर्थ काय ते डॉक्टरांना विचारा, आजच जा' एवढंच बोला. कोड अक्षरासकट टाइप करा, खाली तळटीप द्या. बाकीचं आम्ही बघतो, ए कुणी कधी आणि कशावरनं लावलं ते पण तपासायला लागतं.