तलावातील जलपर्णी आणि पाण्याखालील तण : सुरुवात कशापासून करावी?

पाणकाठ : आमच्या वस्तीलगतच्या सुमारे ४ एकरांच्या तलावात गेल्या दोन वर्षांत जलपर्णी इतकी माजली आहे, की नाल्याच्या तोंडापासून जवळजवळ अर्धे पाणी दिसेनासे झाले आहे. उरलेल्या भागात पाण्याखाली दुसरेच एक तण असून ते वल्ह्याला दोरखंडासारखे गुंडाळते. वर्गणीची रक्कम बेताची आहे. यंत्र विकत घेणे सोडाच, भाड्याने आणणेही तिच्यात बसत नाही. हाताशी दोन होड्या, दहा-बारा माणसे आणि आठवड्यातील एक सकाळ एवढेच आहे. तलावात मासे आहेत. कृपया अनुभव सांगावेत.

दाताळे : यंत्राशिवाय या कामाला हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जलपर्णीच्या वजनात ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असते, त्यामुळे माणसे दिवसभर घाम गाळतात ती बव्हंशी पाणी वाहण्यासाठी. आम्ही पाण्यावर तरंगणारे कापणी यंत्र आणले आणि तीन आठवड्यांत तलाव आरशासारखा केला. रक्कम काय, मनात आणले तर उभी राहते.

सावधपणे : रक्कम नाही, असे धागाकर्त्यांनी पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे. शिवाय पाण्याखालचे तण हायड्रिला असेल, तर यंत्राने ते कापणे म्हणजे त्याची लागवड करणे होय, कारण पेर असलेला छोटासा तुकडाही रुजतो. आमच्याकडे कापणीनंतर वाऱ्याने तुकडे पूर्वेच्या काठाला लागले आणि जिथे कधीच तण नव्हते, तिथे पुढच्या हंगामात दाट झाडी उभी राहिली. भरीस भर म्हणजे त्याचे कंद गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहतात. तेव्हा आधी ओळख पटवा : एका पेराभोवती बहुधा पाचेक पाने असतील आणि त्यांच्या कडा बोटाला करवतीसारख्या लागत असतील, तर ते हायड्रिलाच असण्याची शक्यता मोठी आहे.

मत्स्यप्रेमी : एवढा खल कशाला? पाणतण खाणारा गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडा आणि निश्चिंत व्हा. माझ्या शेततळ्यात एका वर्षात तळ दिसू लागला.

नितळ : तळ आमच्याही तलावात दिसला होता, पण दोनच महिने. गवत्याने कोवळे पाणतण संपवले, उपद्रवी आणि निरुपद्रवी असा भेद त्याने केला नाही, आणि मग सगळे पाणी शैवालाने हिरवेगार झाले. जलपर्णीला तर तो सहसा तोंडही लावत नाही. सोडायचाच असेल, तर प्रजननक्षम नसलेला, मोजका आणि परवानगी घेऊनच सोडावा. बाहेर जाणाऱ्या प्रवाहाला जाळी हवी, नाहीतर तो पुढच्या नदीत पोहोचतो.

फवारा : ग्लायफोसेट या तणनाशकाने जलपर्णी जळते, हे मी स्वतः पाहिले आहे. एका दुपारचे काम आहे.

सावधपणे : जळते, पण नंतर कुजते. सगळी एकदम मारली, तर कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि सकाळी मासे पोट वर करून तरंगताना दिसतात. पाण्यात वापरण्यास मान्यता असलेलेच तणनाशक, तेही तुकड्यातुकड्याने आणि मध्ये दिवस सोडून वापरायचे असते. ग्लायफोसेट पानांवर पडावे लागते, त्यामुळे पाण्याखालच्या तणाला त्याचा उपयोग नाही. शेतातील फवाऱ्याचे मिश्रण तर तलावाजवळही नेऊ नये, कारण त्यात मिसळलेली द्रव्ये बेडकांना आणि माशांना घातक ठरू शकतात.

बोलीप्रेमी : मूळ विषय बाजूला राहील, तरी विचारतो. याला केंदाळ म्हणायचे सोडून सगळे जलपर्णी का म्हणत आहेत?

दाताळे : केंदाळ म्हणा नाहीतर जलपर्णी, यंत्राला दोन्ही सारखेच.

जुनी_वही : बोलीप्रेमींचा प्रश्न अवांतर वाटला, तरी नावाचा घोळ किती महागात पडतो, याचे उत्तम उदाहरण याच क्षेत्रात आहे. साल्व्हिनिया हे तरंगते नेचे अनेक देशांत पसरले, तेव्हा ते वेगळ्याच जातीचे समजून त्या जातीला खाणारा सोंड्या भुंगेरा सोडण्यात आला आणि फारसे काही साधले नाही. ही स्वतंत्र जात आहे, हे १९७२ मध्ये मांडले गेले. पुढे आग्नेय ब्राझीलमध्ये तिचे मूळ घर सापडले आणि तिथलाच भुंगेरा १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील मूनडारा तलावात सोडला गेला. वर्ष-सव्वा वर्षात तिथले तण जवळजवळ नाहीसे झाले. जलपर्णीसाठी निओकेटिना भुंगेरे वापरतात : प्रौढ भुंगेरे पाने खरवडतात, अळ्या देठ पोखरतात. पानांवर नखाने खरवडल्यासारखे फिकट ठिपके दिसतात का, हे आधी पाहा. कदाचित ते तुमच्याकडे असतीलही.

फवारा : आणि भुंगेऱ्यांना किती वर्षे लागतात, तेही सांगावे.

जुनी_वही : जलपर्णीच्या बाबतीत तीन ते पाच वर्षे धरावीत. एकीकडे भुंगेरे सोडून दुसरीकडे यंत्राने सगळी वनस्पती उपसली, तर भुंगेरेही काठावरच्या ढिगात वाळून जातात.

नवा_सदस्य : मी सर्व प्रतिसाद वाचले नाहीत, पण यंत्र उत्तम, असे सुचवतो.

नितळ : नाल्याचा उल्लेख धागाकर्त्यांनी केला, पण बाकी कोणी त्याकडे वळले नाही. सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद येत राहिले, तर उरलेली जलपर्णी पोषक उबदार पाण्यात एक-दोन आठवड्यांत पुन्हा दुप्पट होते. आधी नाला, मगच तलाव.

पाणकाठ : सर्वांचे आभार. पानांवर ठिपके नाहीत आणि पाण्याखालच्या तणाच्या कडा खरखरीत आहेत, म्हणजे सावधपणे यांचा अंदाज बरोबर असावा. यंत्र, मासे, फवारणी आणि भुंगेरे यांपैकी काहीही आम्ही तूर्त करणार नाही, आणि नाल्याचा प्रश्न सुटेपर्यंत थांबणारही नाही. नाल्याच्या तोंडाशी असलेल्या दाट पट्ट्यालाही हात लावायचा नाही. त्याच्यापुढे दोर आणि बांबूंचा तरंगता अडसर बांधून तो तिथेच अडवायचा आणि सुट्या, विखुरलेल्या जलपर्ण्या मोकळ्या पाण्याकडून फुले येण्यापूर्वी हाताने मुळासकट उचलायच्या, कारण बी गाळात पडले, तर ते १५-२० वर्षे उगवत राहते. पाण्याखालचे तण यंदा तसेच राहू देऊ. काढलेला ढीग काठावर न ठेवता दूर, उंचावर वाळवू, म्हणजे त्यातला रस पुन्हा तलावात उतरणार नाही.

दाताळे : दाट पट्टा सोडून सुटी रोपे वेचणे म्हणजे घर जळत असताना अंगण झाडणे. अडसर पहिल्याच पुरात वाहून जाईल.

नितळ : ताणून बांधला तर जाईलच. पाण्याची पातळी वाढली, की दोर तुटतो किंवा अडसर बुडून वनस्पती वरून निसटते. दोन्ही टोकांना वावभर ढील ठेवा आणि पाणी चढेल तेव्हा एकदा काठावर जाऊन पाहा.

पाणकाठ : ढील ठेवतो. एक टोक बांधायला झाड आहे, दुसऱ्या टोकाला मेख ठोकावी लागेल.